पिल्लांचे ऑपरेशन केव्हा करावे?

महाविद्यालयाच्या वार्षिकात मांजरांवर लेख म्हटल्यावर पुष्कळांना हसू येईल. माझ्या मैत्रिणीने तर "लघुनिबंध लिहितेस की काय?" असे विचारलेच. लघुनिबंध लिहिण्याची माझी ताकद नाही. मला फक्त एका प्रश्नाचे उत्तर सांगायचे आहे. ते शोधायला मला सव्वा वर्ष लागले, आणि तेवढ्यात आमचे एक जनावर गेले. हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरी येतो. घरात मांजरीचे पिल्लू आणले, तर त्याचे संततिबंदीचे ऑपरेशन कोणत्या वयात करावे?

आम्ही हडपसरला माळवाडीत दोन खोल्यांत राहतो. आई गाडीतळाजवळ भाजी विकते, वडील एका कारखान्यात हेल्पर आहेत. आजी मूळची करमाळ्याकडची. गावची जमीन व बैल गेल्यावर ती आमच्याकडे आली. दिवाळीनंतर एका सकाळी आई मंडईतून फ्लॉवरचे क्रेट घेऊन आली, त्यात पाल्याखाली दोन पिल्ले होती. एक तिरंगी, एक भगवे. मांजरी कोठे दिसली नाही, आणि क्रेट परत ठेवायला आईचा जीव झाला नाही. तिरंगीचे नाव मिरची पडले आणि भगव्याचे भोपळ्या. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, हे मला नंतर कळले. भोपळ्याबद्दल मात्र महिनाभर घरात मतभेद होते.

पिल्ले आली त्याच संध्याकाळी ऑपरेशनचा विषय मी काढला. कारण आधीची चिंगी.

चिंगी आमच्याकडे त्याच्या आदल्या वर्षी नवरात्रात आली, दोन-सव्वादोन महिन्यांची असेल. तेव्हाही ऑपरेशन करायचे हे मी ठरवले होते. पण "सहा महिन्यांनंतर करतात" असे शेजारच्या काकूंनी सांगितले, आणखी दोघांनीही तेच सांगितले, म्हणून वहीत तारीख लिहून मी निर्धास्त राहिले. जानेवारीत, म्हणजे ती साडेपाच महिन्यांची असताना, एका रात्री ती जमिनीवर लोळून विचित्र ओरडू लागली. पोटात दुखत असेल म्हणून मी तिला ओव्याचे पाणी पाजायला निघाले होते! आजी म्हणाली, "आगं, माजावर आलीया ती." दोन दिवसांत पत्र्यावर तीन बोके जमले. औषधाच्या एका दुकानातून कोणीतरी माज थांबवण्याची गोळी आणून दिली, तीही आम्ही दिली. तोवर व्हायचे ते झाले होते.

मार्चअखेरीला तिने तीन पिल्ले घातली. ती स्वतःच अजून पिल्लू होती. दोन मेलेली निघाली, एक जगले, ते पुढे एका ओळखीच्या घरी दिले. ते अंगावर पीत असतानाच चिंगी पुन्हा गाभण राहिली. आषाढात दुसऱ्या वेळेस पिल्लू अडले. रात्री अकराला रिक्षा करून मी आणि वडील तिला घेऊन गेलो. डॉक्टरांनी पोट उघडले, पण उशीर झाला होता. येताना वडील रिक्षात एकच वाक्य बोलले, "तारीख तर तू लिहून ठेवली हुतीस." त्यांनी ते रागाने म्हटले नव्हते. वहीत सहा महिन्यांची तारीख खरोखरच होती.

असो. तर यंदा पिल्ले आली तेव्हा माझ्यापुढे तीन उत्तरे होती. आजीचे म्हणणे, "एक येत तरी हू दे तिला. कवळ्या जिवाला कापत्यात व्हय?" काकूंचे म्हणणे तेच, सहा महिने. आणि लस टोचायला गेले तेथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "चौथा महिना भरला, वजन दीड-दोन किलो असले, तब्येत चांगली असली की करून टाकू. पाचव्या महिन्यापुढे थांबू नका." माणसाचा स्वभाव असा की तीन उत्तरे मिळाली तर मधले धरावे. पण मधले कोणते? म्हणून प्रत्येक उत्तर मुळात आले कोठून, ते मी पाहायला लागले.

आजीच्या उत्तराला मी आधी हसले. ते माझे चुकलेच. ती बैलांच्या घरात नांदलेली बाई आहे. तिने मला समजावले ते असे : खोंड अदात असताना ठेचत नाहीत. तो दुसा झाला, म्हणजे दुधाचे पुढचे दोन दात पडून पक्के आले, की मगच त्याचे खच्चीकरण करायचे. आधी केले तर मान भरत नाही, वशिंड नीट येत नाही, जू ओढायला जोर राहत नाही. पूर्वी हे काम दगड-लाकडाने ठेचून होई, पुढे पशुवैद्यकीय दवाखान्यात चिमटा आला. पण वयाचा हिशेब तोच राहिला. आणि तो हिशेब बरोबर आहे. नराच्या अंगातले स्राव मान व खांदे भरण्याला कारण होतात, आणि शेतकऱ्याला नेमके तेच हवे असतात. उलट मांसासाठी पाळलेला बोकड लहानपणीच खस्सी करतात, कारण तेथे जोर नको असतो.

यावरून माझ्या ध्यानात आले की ऑपरेशनचे वय जनावराकडून काय हवे आहे यावरून ठरते. मिरचीला कोठे औत ओढायचे आहे? तिच्या बाबतीत एकच गोष्ट साधायची, पहिले गाभणपण टाळायचे. म्हणजे ऑपरेशन पहिल्या माजाच्या आधी झाले पाहिजे. मग मांजरी पहिल्यांदा माजावर केव्हा येते, एवढाच प्रश्न उरतो.

त्याचे उत्तर असे. बहुतेक मांजरी पाच ते सात महिन्यांच्या दरम्यान पहिल्यांदा माजावर येतात. पण काही चौथ्या महिन्यातच येतात. हे दिवसाच्या लांबीवरही अवलंबून असते, आणि भूगोल हा माझा विषय असल्यामुळे हा भाग मला फार आवडला. मांजरीचा माज उजेडाने चालतो. दिवस मोठा होऊ लागला की मेंदूला संदेश जातो आणि बीजकोश कामाला लागतात. युरोपासारख्या उत्तरेकडच्या प्रदेशात हिवाळ्यातला दिवस सात-आठ तासांचा, म्हणून तेथे मांजरींना दोन-तीन महिने विसावा मिळतो. आपले पुणे साडेअठरा अंशांवर आहे. येथे डिसेंबरातला लहानात लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा. त्यात आमच्या गल्लीत रात्रभर दिवे. विसावा मिळाला तर थोडाच मिळतो. संक्रांतीनंतर दिवस वाढू लागला की पत्र्यावरची ओरड सुरू होते, ती आपण सगळ्यांनी परीक्षेचा अभ्यास करताना ऐकलेली आहे. ऑक्टोबरात जन्मलेले पिल्लू चार-पाच महिन्यांचे होते ते नेमके या वाढत्या दिवसांत.

दुसरी गोष्ट अशी की मांजरीचे बीज आपोआप सुटत नाही, बोक्याशी संग झाल्यावर सुटते. त्यामुळे संग झाला आणि फुकट गेला असे क्वचितच घडते. संग झाला नाही तर थोड्या दिवसांच्या अंतराने माज पुन्हा पुन्हा येत राहतो. गाभणपण सुमारे नऊ आठवड्यांचे, आणि पिल्ले पीत असतानाही पुन्हा गाभण राहण्याला अडचण नाही. चिंगीच्या बाबतीत आम्ही दुर्दैव म्हणत होतो. खरे तर ते त्या जातीचे नेहमीचे वेळापत्रक होते. पाचव्या महिन्यात गाभण राहिलेली मांजरी सातव्यात वितेल, आणि तिची मुलगीही तशीच वागली तर ती जन्मल्यापासून सव्वा वर्षात आजी होईल. भित्तिपत्रकांवर एका जोडीपासून काही वर्षांत लाखो मांजरे होतात असा हिशेब असतो, तो मला कागदी वाटतो. रस्त्यावरची पुष्कळ पिल्ले जगतच नाहीत, हे आईच्या मंडईत रोज दिसते. पण जगत नाहीत म्हणून हिशेब बरा झाला, असे कसे म्हणावे?

हडपसरच्या वाचकांना येथे २०२५ च्या फेब्रुवारीतली बातमी आठवेल. आपल्याच भागातल्या एका सोसायटीत एका सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरे असल्याची तक्रार झाली, महापालिकेची माणसे पाहून गेली आणि मांजरे हलवण्याची नोटीस निघाली. त्यांतली किती आणलेली आणि किती तेथेच जन्मलेली, हा वेगळा प्रश्न आहे. त्या वेळी वर्गात सगळे हसत होते. मला मात्र दोन खोल्यांत तीन मांजरे झाली तेव्हा आईच्या तोंडावर काय आले होते, ते आठवत होते.

आता आजीचे "एक वेत होऊ दे." या समजुतीला आधार सापडत नाही. एका वेताने मांजरीची तब्येत सुधारते किंवा स्वभाव निवळतो, असे दिसून आलेले नाही. उलट मांजरींना सडाचा, म्हणजे स्तनाचा, कर्करोग होतो आणि तो बहुधा वाईट प्रकारचा असतो. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरींत या रोगाचा धोका ९१ टक्क्यांनी कमी होता, आणि एक वर्षाच्या आत झालेल्यांत ८६ टक्क्यांनी. दोन वर्षांनंतर केल्यास हा फायदा उरत नाही. वेत झाले की नाही याने काही फरक पडला नाही. माज थांबवणाऱ्या गोळ्यांबद्दलही येथेच सांगते : त्यांतल्या स्रावांनी गर्भाशयात पू होण्याचा आणि याच सडांच्या गाठींचा धोका वाढतो. चिंगीचे जे झाले ते गोळीमुळेच झाले, असे मी म्हणणार नाही. पण पुन्हा ती गोळी घरात येणार नाही.

राहिले सहा महिने. हा आकडा शरीरशास्त्रातून आलेला नाही, सवयीतून आला आहे. लहान पिल्लाला भूल देणे पूर्वी जोखमीचे होते, कारण पिल्लाचे अंग चटकन गार पडते आणि उपाशी ठेवले तर रक्तातली साखर उतरते. म्हणून थोडे मोठे होऊ द्यावे, असा प्रघात पडला. आता भुलीची औषधे सुधारली, गार पडू नये म्हणून खाली ऊब देतात, आणि पिल्लाला रात्रभर उपाशी न ठेवता तीन-चार तासच ठेवतात. अमेरिकेत २०१६ साली पशुवैद्यांच्या एका कृतिगटाने, पाच महिन्यांच्या आत ऑपरेशन करावे अशी शिफारस केली, आणि २०१७ साली तेथल्या पशुवैद्यक संघटनेने तिला मान्यता दिली. अनाथ पिल्लांच्या आश्रयगृहांत तर दोन महिन्यांच्या, एक किलोच्या आसपासच्या पिल्लांचेही करतात, कारण पिल्लू एकदा बाहेर दिले की परत आणले जाईलच, याची खात्री नसते.

मग आम्हीही दुसऱ्या महिन्यात का केले नाही? हा प्रश्न मी मॅडमना विचारला. त्या म्हणाल्या, "तुमची पिल्ले घरातच आहेत, पळून कुठे जाणार? आधी जंत काढू, लसी पुऱ्या करू, वजन वाढू दे." पिल्लाच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चौथ्या महिन्यापर्यंत चालतात; पिसाळरोगाची तीन महिन्यांनंतर. म्हणजे लसी संपतात तेव्हा चार महिने भरतात आणि माज बहुधा अजून दूर असतो. घरच्या पिल्लासाठी ही मधली फट सोयीची. ती महिनाभराचीच आहे, म्हणून आधीपासून तयारी लागते.

लवकर करण्याविरुद्धचे आक्षेपही मी तपासले, कारण घरात ते रोज निघत. नराची लघवीची नळी अरुंद राहते व लघवी अडते, असे म्हणतात. अभ्यासांत तसे आढळले नाही. वाढ खुंटते म्हणतात. प्रत्यक्षात हाडांची टोके थोडी उशिरा जुळतात, म्हणून पाय किंचित लांबच होतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १६६० मांजरांचा काही वर्षे पाठपुरावा केला होता. त्यात लवकर ऑपरेशन झालेल्या बोक्यांत मारामारीच्या जखमांचे गळू आणि घरात मूत फवारणे कमी दिसले. एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवे : लवकर केलेली मांजरे परक्या माणसाला थोडी अधिक बुजतात, असेही त्यात आढळले. आमच्या घरी येणारी परकी माणसे म्हणजे मीटरवाला आणि चिठ्ठी-फंडाचे काका, त्यामुळे हा तोटा आम्ही पत्करला.

वजनासाठी आम्हांला कोठे जावे लागले नाही. आईचा भाजीचा इलेक्ट्रॉनिक काटा घरीच असतो. दर रविवारी पिल्लांना टोपलीत बसवून मी वजन घेई व अर्थशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानावर लिही. आली तेव्हा मिरची ५५० ग्रॅम, भोपळ्या ६१०. निरोगी पिल्लू आठवड्याला साधारण शंभर ग्रॅम वाढते. एका आठवड्यात मिरचीची वाढ चाळीसवर आली, तेव्हा जुलाब लागण्याच्या आधीच मला शंका आली आणि जंताचे दुसरे औषध वेळेवर दिले गेले. हे काट्यावर जितके लवकर कळते तितके नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

वय मात्र काट्यावर कळत नाही. ते दातांवर कळते. जानेवारीच्या शेवटी मॅडमनी मिरचीचे ओठ वर करून पाहिले. पुढचे बारीक दात बदललेले, सुळे अजून दुधाचे. पुढचे दात साडेतीन-चार महिन्यांत बदलतात, सुळे पाचव्याच्या सुमारास. "म्हणजे चार महिन्यांच्या आसपास. पुढच्या आठवड्यात आणा." आजी त्या दिवशी बरोबर होती. दात पाहिलेले बघून ती एकदम गप्प झाली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "म्हंजी दुशी झाली की गं ही." त्यानंतर तिने विरोध केला नाही. मी दोन महिने टक्केवारी सांगून जे झाले नाही, ते त्या दातांनी केले.

खर्चाचा विचार टाळता येणार नाही. आम्ही गेलो तेथे मादीचे चार हजार आणि नराचे अडीच हजार सांगितले होते. वडिलांनी आकडा ऐकून नुसती टोपी काढली व पुन्हा घातली. 'कमवा आणि शिका' योजनेत ग्रंथालयात काम करून माझ्याकडे चार हजारांच्या थोडे वर जमले होते. एकाचेच होणार होते, मग कोणाचे? नराचे सोपे व स्वस्त, म्हणून पुष्कळ जण आधी नराचे करतात. पण भोपळ्याचे केले तरी पत्र्यावरचे तीन बोके होतेच. गल्लीतला एकही बोका सुटा राहिला तर मादी गाभण राहते. मादीचे झाले तर प्रश्न संपतो. शिवाय भाऊ-बहीण हे नाते मांजरांत चालत नाही आणि नराचे ऑपरेशन झाल्यावरही काही आठवडे बीज शिल्लक असू शकते. म्हणून पैसे एकाचेच असतील तर आधी मादी. भोपळ्याचे महिन्याभराने एका प्राणिसेवी संस्थेत सवलतीच्या दरात झाले. खासगी दवाखान्याचा दर ऐकून परत फिरण्याआधी अशी चौकशी जरूर करावी. शासनाचे २००१ चे जन्म-नियंत्रणाचे नियम नावानेच कुत्र्यांसाठी होते; २०२३ च्या नव्या नियमांच्या नावात 'कुत्रे' हा शब्द नाही, 'प्राणी' आहे.

ऑपरेशन म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. मादीचे बीजकोश व बहुधा गर्भाशयही पोटाला छोटा छेद घेऊन काढतात. नराच्या वृषणाच्या पिशवीला बारीक छेद देऊन दोन्ही वृषणे काढतात, त्याला बहुधा टाकाही लागत नाही. दोन्ही वृषणे खाली उतरली आहेत ना, हे मात्र आधी पाहून घ्यावे लागते.

त्या दिवशी मिरचीचे वजन १ किलो ७५० होते. सांगितल्याप्रमाणे पहाटे सहाला तिला थोडे खाणे दिले, दहाला आत नेले, साडेअकराला परत मिळाली. डोळे उघडे, पण ओळख नाही. आजीने गरम पाण्याची बाटली जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून तिच्या पाठीशी ठेवली आणि दुपारभर तेथून हलली नाही. संध्याकाळी मिरचीने दोन घास खाल्ले. टाके चाटू नयेत म्हणून वडिलांच्या जुन्या पायमोज्याला चार भोके पाडून तिला सदरा केला. तो तिला इतका आवडला नाही की ती उलट्या पावलांनी चालू लागली. तिसऱ्या दिवशी ती ट्रंकेवर चढली, चढू देऊ नये असे सांगितले होते तरी. दहाव्या दिवशी टाके निघाले.

भोपळ्याला त्याच्या दिवशी संध्याकाळीच भूक लागली. ती अजून लागलेलीच आहे. ऑपरेशननंतर मांजराची अन्नाची गरज कमी होते आणि भूक मात्र वाढते, म्हणून खाणे मोजून द्यावे लागते. गेल्या रविवारी काट्यावर तो ४ किलो ९०० भरला. आईने त्याचे रात्रीचे खाणे बंद केले आहे. आजी ते गुपचूप देते. वजनाची वही आता मी आजीच्या हाती ठेवली आहे.